चौदा नंबरची दुपारची झोप

मी आयुष्यात किती राबलो हे मला विचारू नका, मी कमी सांगेन. माझ्या गाडीच्या सीटला विचारा. तिच्यावर माझ्या बसण्याचा असा खड्डा पडलाय, की पावसाळ्यात त्यात चिखलातले निवटे मासे सापडतील. सहा आसनी रिक्षा, जिला आमच्याकडे मिनीडोर म्हणतात आणि जिच्यात गणपतीच्या दिवसांत चौदा माणसं आणि वर एक गणपती बसतो, ती मी पेणच्या स्टँडवर एकवीस वर्षं चालवतोय. पहाटे पाचला पहिली फेरी, दिवेलागणीला शेवटची. पेण, गडब, कासू, नागोठणं आणि परत. या रस्त्यावरचा एकेक खड्डा मी लहानाचा मोठा होताना पाहिलाय.

आमच्या स्टँडवर बावीस गाड्या. इथं कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही, नंबरानं मारतात. मी नऊ. माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर माझं नाव छापलं होतं, त्यामुळे निम्मा स्टँड आलाच नाही. त्यांना कळेचना, हा नवरा कोण. नंबर म्हणजे रांगेतली जागा. पुढची गाडी भरून सुटली की मागची पुढे सरकते. आता नवीन नंबर कुणालाच द्यायचा नाही असं ठरून कैक वर्षं झाली, आणि एखाद्याचा नंबर स्टँडनं काढून घेतला तर त्याला पेणात दुसऱ्या कुठल्या स्टँडवर उभं करत नाहीत. मग गाडीत कोंबड्या पाळायच्या.

तर या बाविसांत एक होता चौदा. वयानं माझ्याएवढाच, अंगानं माझ्या निम्मा, बोलायला माझ्या शंभरावा हिस्सा. मी दिवसाला चौदा फेऱ्या मारायचो, आणि हा चौदा मारायचा चार. कधी तीन. काही दिवस तर तो स्टँडवर नंबरच लावायचा नाही. आणि दुपारी घरी जाऊन जेवून झोपायचा. झोपायचा म्हणजे काय, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, पडवीत खाटेवर, पंखा लावून, तोंडावर टॉवेल घेऊन. त्याच सुमारास मी कासूच्या फाट्यावर उन्हात पापडासारखा भाजत उभा असायचो, दोन पाशिंजर कमी म्हणून.

एवढंही मी सहन केलं असतं. आळशी माणसाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण या आळशाच्या घरावर स्लॅब पडला. माझ्या घरावर कौलं, त्याच्यावर स्लॅब. मग त्याची मुलगी नर्सिंगला गेली. मग त्याची गाडी रंगून आली, अशी की तिच्या दारात बघून दोघातिघांनी भांग पाडला. तेव्हापासून माझी झोप उडाली.

त्यात माझ्या मेव्हण्यानं तेल ओतलं. तो रोह्याला एका कंपनीत शिफ्टला आहे. कंपनीनं एक टायवाला बोलावून सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं होतं. त्यानं म्हणे पडद्यावर एक गाढव आणि एक कोल्हा दाखवला आणि सांगितलं, की नुसतं हार्ड वर्क करून माणूस वर येत नाही, स्मार्ट वर्क पाहिजे. मेव्हणा हे मला माझ्याच घरात, माझ्याच ताटात जेवताना सांगत होता. बायको वाढता वाढता म्हणाली, तो कोल्हा नीट बघितला असता तर बरं झालं असतं, गाढव काय आपल्याला रोज दिसतं. मेव्हण्याला हसू आवरेना. जेवून उठताना तो सहज बोलून गेला, की अरे हां, तुमच्या स्टँडवरची एक गाडी मी आमच्या गेटपासून जरा पुढे पाहिली, चकाचक रंगवलेली. दोन-तीनदा पाहिली. शेवटच्या वेळी आत एक माणूस झोपला होता.

संशयाचं बी इतकंसं असतं, पण माझ्याकडची जमीन चांगली. मी रात्रीतून झाड उभं केलं. पेणची गाडी रोह्याला कशाला? स्टँडच्या रांगेतून रोह्याचा पाशिंजर आम्हाला मिळत नाही, तो रेल्वेनं जातो. म्हणजे हा पाशिंजर नेत नव्हता. मग काय नेत होता? किंवा आणत होता?

मी पाळत ठेवायला सुरुवात केली. पाळत म्हणजे कष्टाचंच काम, माझ्या स्वभावाला ते जमतं. मला पहिली गोष्ट दिसली ती अशी, की हा माणूस रोज सकाळी गाडीतलं एक घडी घातलेलं कॅलेंडर उघडतो, त्यात बघतो, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजतो, ओठ हलवतो, आणि मग खडूनं दाराच्या आतल्या बाजूला एक आकडा लिहितो. एक दिवस आठ. दुसऱ्या दिवशी नऊ. मग दहा. एकदा बारा. आकडा! पेणमध्ये माणूस पेरांवर मोजून आकडा लिहितो याचा अर्थ दूध पिणारं बाळही सांगेल. मी मटका लावला असं मी कुठंही लिहिणार नाही. एवढंच लिहितो, की चौदाच्या दारावरचा आकडा बघून माझ्या खिशातले दोनशे रुपये लागोपाठ तीन दिवस घरंगळत गेले आणि परत आले नाहीत. तेव्हा मटका नसावा, असं मी ठरवलं.

दुसरं दिसलं ते याहून वाईट. त्याच्या बाहेर पडण्याला वारच नव्हता. बाजाराचा दिवस म्हणावा तर तसं नाही. कंपनीच्या पगाराचा म्हणावा तर तसंही नाही. एका आठवड्यात तो सातलाच गायब, पुढच्या आठवड्यात अकराला. आणि मधे पाच-सहा दिवस असे, की गरीब गाईसारखा रांगेत उभा राहून आमच्यासारख्याच फेऱ्या मारणार. चोराचीसुद्धा काहीतरी वेळ असते हो. ज्याची वेळ बांधता येत नाही तो किती मोठा चोर असेल, विचार करा.

मी तो विचार चहाच्या टपरीवर मोठ्यानं केला. सकाळी मी म्हणालो, चौदा रोह्याहून कंपनीचं भंगार आणत असावा, असं आपलं माझं मत. दुपारी कुणीतरी विचारलं तेव्हा भंगाराचं तांबं झालं होतं. माझ्याच तोंडून झालं, मी नाकारत नाही, तांबं म्हटलं की ऐकणारा चहा पाजतो. संध्याकाळी सोळा नंबरवाला मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, ऐकलंस का, चौदाच्या स्लॅबमध्ये सळईच्या जागी तांब्याच्या कांबी हायत. आणि देवाशपथ सांगतो, मी स्वतः दचकलो. ही बातमी मीच सोडली होती, पण ती गावभर हिंडून इतकी जाडजूड होऊन आली की मला ओळखूच आली नाही. मी ती खरी धरली.

ती आमच्या अध्यक्षांपर्यंत गेली. अध्यक्ष म्हणजे एक नंबर, स्टँडवरचे सगळ्यात जुने, दमेकरी पण करारी. चोरीच्या मालात स्टँडची गाडी सापडली तर पोलीस बाविसांनाही सोडणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी मीटिंग लावली, परवा संध्याकाळी सहाला, टपरीच्या मागं. आरोप खरा ठरला तर चौदाचा नंबर कायमचा रद्द. मग मला म्हणाले, तू बोंबललास ना, पुरावा तू आण.

चौदाला मीटिंगचं सांगितलं तेव्हा तो काचा पुसत होता. तो बरं म्हणाला आणि पुसतच राहिला. बरं! माणसाचा भाकरतुकडा जायची पाळी, मुलीचं शिक्षण अर्ध्यात, आणि हा बरं म्हणतो. एवढा शांत माणूस एकतर संत असतो नाहीतर आतून पोचलेला. संत पेणला रिक्षा कशाला चालवील?

दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. चौदाच्या दारावर खडूनं बारा लिहिलेलं मी सकाळीच वाचून घेतलं. तो अकराच्या आधी निघणार हे आता मला कळायला लागलं होतं. माझ्या गाडीनं पाठलाग करणं शक्य नव्हतं, तिचा आवाज अलिबागला ऐकू जातो. मी बायकोची स्कूटी घेतली. बायकोचा सनकोट घातला. तिचा फुलाफुलांचा स्कार्फ हल्लीच्या पद्धतीनं तोंडाला असा गुंडाळला की नुसते डोळे दिसावेत. बायकोनं मला आरशासमोर पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि एवढंच बोलली, की पेट्रोल भरून आण.

चौदा निघाला. मी मागं. तो सावकाश जात होता, इतका सावकाश की स्कूटीलासुद्धा अपमान वाटावा. हायवे सोडून तो खाडीकडे वळला, आणि वळण्याआधी त्यानं इंडिकेटर दिला. आता आमच्या भागात इंडिकेटर ही गाडीबरोबर फुकट येणारी शोभेची वस्तू आहे. पण यानं दिला. पुढं मिठागराच्या तिठ्यावर पुन्हा दिला. मग खारबंदिस्तीच्या, म्हणजे खाडीच्या बंधाऱ्यावरच्या मातीच्या रस्त्यावर, जिथं मागं-पुढं एक बगळा सोडला तर कुणी नाही, तिथंही दिला. माझा संशय पक्का झाला. रिकाम्या रस्त्यावर एवढ्या शिस्तीत चालणारा माणूस सज्जन असूच शकत नाही.

बंधाऱ्याच्या टोकाला दहा-बारा घरांची कोळ्यांची वस्ती. तिथं आमच्यापैकी कुणीच गाडी घेऊन जात नाही. एकदा गेलो की पाशिंजर कधी मिळेल याचा नेम नाही. चार तास माशा मारत बसावं लागतं. चौदानं गाडी बाभळीखाली लावली, मागच्या भागात प्लास्टिक अंथरलं, आणि पुढच्या सीटवर पाय वर घेऊन झोपला. खाडीत पाणी नव्हतं, नुसता चिखल चकाकत होता. मी एका होडक्याच्या आडोशाला स्कूटीवर बसून राहिलो. सनकोटात मी शिजलो. शिट्टी झाली असती तर कुणीही मला उतरवून वाढून घेतलं असतं.

मग चिखलातून पाणी चढायला लागलं. आधी रेघ, मग ओहोळ, मग बघता बघता खाडी भरली आणि पाण्याबरोबर वळणामागून होड्या आल्या, एकामागून एक पाच. घराघरांतून बायका टोपल्या घेऊन बंधाऱ्यावर उतरल्या. चौदा उठला. त्याला कुणी उठवलं नव्हतं. त्यानं बाह्या वर केल्या आणि टोपल्या चढवायला लागला, बर्फाच्या पेट्या चढवायला लागला. बोईट, कोळंबी, चिंबोऱ्या, आणि एक जिताडा माझ्या मेव्हण्याएवढा. फार तर अर्ध्या मेव्हण्याएवढा.

मी बघण्यात एवढा रंगलो की माझ्या शेजारी एक म्हातारी येऊन उभी आहे हे मला कळलंच नाही. तिनं मला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि बंधाऱ्यावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "गो बाय, तुझ्या पायात गड्याच्या चपला कशा गो?"

बायका वळल्या. चौदा वळला. मी पळून जायचं ठरवलं तर स्कूटी सुरू होईना. शेवटी मी स्कार्फ सोडला, तेव्हा ज्या हसल्या त्या बायका, खाडीतलं पाणी एक वीत मागं सरलं असेल. म्हातारी म्हणाली, सोड रं पोरा, कोट बी सोड, उकडून मरशील. तिनं मला पाणी पाजलं. आणि मी स्टँडवरचा आहे कळल्यावर तिनं सगळं सांगून टाकलं.

पूर्वी म्हणे होड्या आल्या की मासळी घेऊन या बायका बंधाऱ्यावर तास-दोन तास गाडीची वाट बघत बसायच्या. मासळी मऊ पडायची. मग व्यापारी येऊन म्हणेल त्या भावानं घेऊन जायचा. हा माणूस यायला लागल्यापासून चार वर्षांत एकदाही उशिरा आलेला नाही, आणि उगाच आधी येऊनही बसलेला नाही. पाणी सकाळी आलं की तो त्यांना पेणच्या बाजारात सोडतो आणि घरी जाऊन झोपतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी दुपारचं येतं, उधाण असतं, मासळीही भरपूर असते. तेव्हा तो त्यांना सरळ रोह्याला नेतो, तीनला पहिली शिफ्ट सुटते तिथं; तीनपर्यंत पोचणार नसेल तर पेणच्या संध्याकाळच्या बाजारात. आणि मधले भांगाचे दिवस, म्हणजे पाणी कमी आणि अवेळी, तेव्हा इकडं फिरकत नाही.

मी विचारलं, पण त्याला पाण्याची वेळ कळते कशी? म्हातारीनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी श्वास कसा घ्यायचा हे विचारलंय. म्हणाली, तिथीची पाऊणपट कर. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. शेंबड्या पोराला म्हाईत हाय. आणि या खाडीत आत यायला पाण्याला वर अर्धा तास लागतो, ते मात्र कुठल्या पुस्तकात नाय. "तो अर्धा तास कळाया हा वरीसभर रोज हितं येऊन उभा राह्यला. सायकलीवर. पावसात बी. आम्ही म्हनायचो, याच्या डोक्यावर परिनाम झालाय."

म्हणजे असं. बावीस गाड्यांतला प्रत्येक जण याच मातीतला, प्रत्येकाच्या घरात कॅलेंडर, त्याच्यावर प्रत्येक चौकोनात तिथी छापलेली, आणि आम्ही ते संकष्टी कधी, म्हणजे मटण कधी नाही, एवढ्यासाठी बघायचो. पाशिंजर कधीतरी पाण्याच्या घड्याळावर चालत असेल हे आमच्या एकाच्याही टाळक्यात शिरलं नव्हतं. आणि मला ज्याचा इतका राग होता, ती त्याची झोप त्यानं एक अख्खं वर्ष उभं राहून आगाऊ भरून ठेवली होती. मला हे अजिबात आवडलं नाही. चोर निघाला असता तर फार बरं वाटलं असतं.

टोपल्या भरून झाल्यावर चौदा माझ्यापाशी आला. त्याचे हात खवल्यांनी चमकत होते.

"बघितलंस?"

"बघितलं."

"उद्या मीटिंगला काय सांगशील?"

मी म्हणालो, जे पाहिलं ते सांगेन, तू सुटशील. तो मान हलवत राहिला. मग एका दमात इतकं बोलला, की तेवढं मी त्याला एकवीस वर्षांत बोलताना ऐकलं नव्हतं.

"खरं सांगितलंस तर माझा नंबर वाचंल, पन परवापासून हितं बावीस गाड्या लागतील. या बायकांची खेचाखेची होईल, माझं चार वर्षांचं पाण्यात जाईल. नाय सांगितलंस तर नंबर जाईल. मी सोता तोंड उघडणार नाय. तुझं तू बघ."

आणि गाडी चालू करून गेला. स्कूटी कशीबशी सुरू झाली आणि मीही मागोमाग रोह्यापर्यंत गेलो, कारण अजून माझी खात्री झाली नव्हती. म्हटलं, वर मासे, खाली तांबं असू शकतं. वाटेत निडी गावाच्या पुढं स्कूटीचं पेट्रोल संपलं. मी ती पंपापर्यंत ढकलत नेऊन भरलं. गेटच्या पुढल्या झाडाखाली बायका टोपल्या मांडून बसल्या होत्या, चौदा गाडीत झोपला होता. तीनला भोंगा झाला. लोंढा बाहेर आला आणि माझ्या हातातला चहा संपायच्या आत टोपल्यांचा तळ दिसायला लागला. माझ्या मेव्हण्यानं अर्धा किलो कोळंबी घेतली; कोळंबी आणि ती गाडी यांचा मेळ त्याला अजून बसला नव्हता. शेजारी मी बायकी सनकोट हातावर टाकून उभा होतो, तर मला ओळख न दाखवता निघून गेला. हे त्याचं स्मार्ट वर्क.

मीटिंगला एकवीस जण आले आणि कुठूनतरी साठजण झाले. पेणमध्ये भांडणाला पत्रिका लागत नाही. अध्यक्षांनी चौदाला विचारलं, रोह्याला कशाला जातोस? चौदा जमिनीकडे बघत राहिला. पुन्हा विचारलं. पुन्हा जमीन. लोकांत कुजबूज सुरू झाली. सोळा नंबरवाला तर म्हणाला, गप बसतोय म्हंजे कबूल हाय, मांडा ठराव. चौदाच्या मानेवरची शीर उडत होती, ती मला दिसत होती, इतरांना दिसत नव्हती. अध्यक्ष माझ्याकडे वळले. काय रं नऊ, पुरावा?

मी उभा राहिलो. उभा राहीपर्यंत माझं काही ठरलेलं नव्हतं, खोटं कशाला सांगू. खोटं बोलावं तर तांब्याचं खोटं आधीच बोलून झालेलं, आणि खरं बोलावं तर या बायकांचं वाटोळं. मग माझ्या लक्षात आलं, की मी आयुष्यभर एक धंदा मन लावून केलाय, त्याचा उपयोग करावा. मी खरं सांगायला सुरुवात केली. फक्त माझ्या पद्धतीनं.

मी म्हणालो, मंडळी, मी स्वतः पाठलाग केला. हा चौदा खाडीवर जाऊन झोपतो. झोपेत तो चंद्राशी बोलतो. चंद्र त्याला वेळ सांगतो. वेळ झाली की हा डोळे उघडतो आणि खाडीला हाक मारतो, आणि जिथं टिपूस नाही तिथं तीन माड पाणी चढतं. त्या पाण्यातून जिताडे येतात, एकेक म्हशीएवढा, रांग लावून, नंबरानं, आपल्यासारखी खेचाखेची न करता. ते याच्या गाडीत बसतात. खिडकीजवळ कोण यावरून नुसती थोडी बाचाबाची होते. मग हा त्यांना रोह्याला नेऊन सोडतो, कारण त्यांची पहिली शिफ्ट असते.

सगळ्यात आधी चौदा हसला. मी त्याच्याकडेच बघत होतो म्हणून मला दिसलं, ओठाचा एक कोपरा. मग टपरीवाला. मग सगळे. सोळा नंबरवाला हसून हसून बाकावरून पडला. अध्यक्षांना दम्याची उबळ आली, ती ओसरल्यावर डोळे पुसत म्हणाले, म्हंजे तांब्याचं बी असंच होतं व्हय रं? मी मान खाली घातली. ती घालताना मला फारसा अभिनय करावा लागला नाही.

निकाल लागला. चौदावरचा आरोप रद्द. आणि एका कामसू माणसावर नाही नाही ते कुभांड घेतल्याबद्दल नऊ नंबरला पंधरा दिवस रांगेत शेवटचा नंबर. बाविसावा! म्हणजे दिवसाला दोन फेऱ्या मिळाल्या तर मिळाल्या. एकवीस वर्षांत माझ्या गाडीचं चाक एवढं थांबलं नव्हतं. बायको म्हणाली, आता घरी राहून लसूण सोल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रांगेच्या शेपटाला उभा असताना चौदा आला. गाडीत कॅलेंडर उघडं होतं, पण त्यानं त्यात पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"आज तिथी काय?"

"द्वितीया."

"मग?"

मी पेरांवर मोजलं. दोनाची पाऊणपट दीड. वर खाडीचा अर्धा. "दोन वाजता."

"होड्या पाण्यासंगं येतात, त्याच्या आधी ये. प्लास्टिक आन. बर्फाची पेटी मी देतो," असं म्हणून तो निघून गेला. पलीकडच्या बंधाऱ्यावर आणखी एक वस्ती होती, तिथल्याही बायका वर्षभर गाडीसाठी त्याच्या मागे लागल्या होत्या, आणि एकट्याला दोन्हीकडं एकाच पाण्याला पोचता येत नव्हतं. हे मला दुपारी म्हातारीकडून समजलं.

आता तीन वर्षं झाली. शेवटच्या नंबरचे पंधरा दिवस कधीच संपले, मी पुन्हा नऊ झालो. चौदा फेऱ्या मी अजून मारतो, पण भांगाच्या दिवसांतच. उधाणात मी टोपल्या उचलतो, आणि हे काम चौदा फेऱ्यांहून हलकं आहे असं कुणी सांगितलं तर त्याला माझा खांदा दाखवा. कौलं अजून कौलंच आहेत, पण न गळणारी. दुपारी मी झोपतो. तोंडावर टॉवेल घेतो. टॉवेलाखाली मी झोपत नाही, विचार करतो.

विचार असा, की रोह्याच्या गेटजवळ त्यानं गाडी मुद्दाम माझ्या मेव्हण्याच्या नजरेस पडेल अशी तर लावली नव्हती? त्याला दुसरी गाडी हवी होती. दुसऱ्या वस्तीसाठी. बाविसांतला कोण घ्यावा? न थकता राबणारा पाहिजे. आणि असा पाहिजे, की उद्या त्यानं सगळं गुपित भर चौकात ओरडून सांगितलं तरी त्याच्यावर एकाही माणसानं विश्वास ठेवू नये. तसा माणूस पेणच्या स्टँडवर एकच होता, आणि तो मी हे मला कळायला नको का? मीटिंगमध्ये आधी हसला तो. शेवटच्या नंबरची शिक्षा अध्यक्षांच्या कानात कुणी घातली, याचीही मी चौकशी केली. अध्यक्ष म्हणाले, आठवत नाय.

एकदा मी त्याला तोंडावर विचारलं. तो टोपली चढवत होता. म्हणाला, "तू लय विचार करतोस. धर ती कड."

मी कड धरली. पण डोळे उघडे ठेवले. तीन वर्षं मी त्याच्या मागून त्याच वाटेनं गाडी चालवतोय. हायवेचं वळण, मिठागराचा तिठा, बंधाऱ्याचा मातीचा रस्ता. त्या अमावास्येनंतर आजतागायत त्यानं एकदाही इंडिकेटर दिलेला नाही.